बार्थेल इंडेक्स ९०/१००, पण घरी मोरीत कसं जायचं?

पक्षाघाताच्या पेशंटला रुग्णालयातून घरी सोडताना जो कागद मिळतो, त्यात औषधांच्या यादीच्या वर किंवा खाली कुठेतरी एक ओळ असते. ‘बार्थेल इंडेक्स ६५/१००’, नाहीतर ‘एफआयएम ८८’. नातेवाईक ही ओळ परीक्षेच्या निकालासारखी वाचतात. पासष्ट म्हणजे फर्स्ट क्लास, नव्वद म्हणजे बाबा जवळजवळ बरे, पस्तीस म्हणजे काठावर पास! असा अर्थ लावू नका. हे मार्क नाहीत. मेंदूला किती इजा झाली किंवा हातापायात किती ताकद आली, हेही त्यातून कळत नाही. रोजची काही ठरावीक कामं पेशंट दुसऱ्याच्या मदतीशिवाय किती करतो, एवढंच हा आकडा सांगतो.

तो उपयोगाचा आहे आणि प्रत्येक पेशंटचा काढलाच पाहिजे, असं माझं मत आहे. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. ती ‘ठरावीक कामं’ तुमच्या घरात बसून ठरवलेली नाहीत. म्हणून घरी जाण्याआधी तुमच्या घराचं वेगळं मोजमाप झालं पाहिजे, आणि ते होत नसेल तर तुम्ही ते मागून घेतलं पाहिजे.

आकडा कुठून येतो

बार्थेल इंडेक्स १९६५ साली प्रसिद्ध झाला. फ्लॉरेन्स महोनी या डॉक्टर आणि डोरोथिया बार्थेल या फिजिओथेरपिस्ट यांनी अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या दीर्घ आजारांच्या रुग्णालयांतील अनुभवावरून तो तयार केला. त्यात दहा कामं आहेत. जेवण, आंघोळ, तोंड धुणं-केस विंचरणं-दाढी, कपडे घालणं, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, शौचालयाचा वापर, पलंगावरून खुर्चीत आणि परत, सपाट जागेवर चालणं, जिना. सगळ्या कामांना सारखे गुण नाहीत. पलंग-खुर्ची आणि चालणं यांना प्रत्येकी १५, आंघोळीला फक्त ५. सगळ्यांची बेरीज १००. काही ठिकाणी हीच मोजपट्टी २० गुणांची वापरतात, त्यामुळे कागदावर नुसतं ‘१४’ लिहिलेलं असेल तर कितीपैकी ते आधी विचारा. शंभरपैकी चौदा आणि वीसपैकी चौदा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एफआयएम ही दुसरी, जास्त तपशिलाची मोजपट्टी. तिच्यात १८ कामं आहेत. त्यांतली १३ शरीराच्या हालचालींची आणि ५ बोलणं, समजणं, आठवणं अशा गोष्टींची. प्रत्येकाला १ ते ७ गुण, म्हणजे एकूण १८ ते १२६. इथे शून्य नसतो, हे लक्षात ठेवा. ‘एफआयएम १८’ म्हणजे सर्वांत कमी.

(जाता जाता एक सांगतो. या आकड्यांचा आणि अपंगत्वाच्या दाखल्यावरच्या टक्क्यांचा थेट संबंध नाही. दाखल्यासाठी वेगळे नियम आहेत आणि बऱ्याच सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांची अट असते. ‘बार्थेल ६० आहे म्हणजे अपंगत्व ४० टक्के’ असं गणित मांडून बरेच जण येतात. ते गणित चुकीचं आहे.)

लोणी, बुटाच्या नाड्या आणि परकराची नाडी

बार्थेलच्या मार्गदर्शक सूचनांत जेवणासाठी काय लिहिलंय? पदार्थ कापायला, ब्रेडला लोणी लावायला मदत लागत असेल तर दहाऐवजी पाच गुण द्या. कपड्यांच्या बाबतीत बटणं, चेन आणि बुटाच्या नाड्या जमल्या पाहिजेत. चालण्याचं अंतर सुमारे ४५ मीटर, तेही सपाट जागेवर.

आता आपल्याकडे बघा. सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या आजी लोणी लावलेला ब्रेड खात नाहीत. त्यांचं काम आहे भाकरीचा तुकडा मोडणं, भात-आमटी कालवणं आणि घास तोंडापर्यंत नेणं. मोजणाऱ्या थेरपिस्टने ‘कापणं’ याचा अर्थ ‘भाकरी मोडणं’ असा घेतला तर आजींना एक आकडा मिळतो. ‘चमच्याने खिचडी खातात ना, मग झालं’ असा घेतला तर दुसरा. पेशंट तोच, दिवस तोच, गुण वेगळे.

कपड्यांचंही तसंच. गाऊन घालून रुग्णालयात आठवडा गेला, गाऊन स्वतः घालता आला, दहापैकी दहा. घरी गेल्यावर परकराची नाडी एका हाताने बांधता येत नाही, निऱ्या धरता येत नाहीत. ‘मग गाऊनच घाला की’ असं घरातले म्हणतात. सोय म्हणून ठीक आहे. पण जी बाई साठ वर्षं पाहुण्यांसमोर गाऊनवर आली नाही, ती आता कुणी आलं की आतल्या खोलीत जाऊन बसते. मोजपट्टीत हे कुठेच उमटत नाही. यावर उपाय आहेत. परकराला नाडीऐवजी रुंद इलास्टिक, ब्लाऊजला हुकांऐवजी वेल्क्रो, निऱ्या शिवून तयार केलेली साडी. ऑक्युपेशनल थेरपिस्टला हे सगळं माहीत असतं. पण ‘मला साडी नेसायची आहे’ हे कुणीतरी त्यांना सांगावं तर लागतं.

चपलेचंही सांगतो. बुटाची नाडी बांधता येते का हे विचारलं जातं, पण आपल्या पेशंटची अडचण वेगळीच असते. लुळ्या पायात साधी चप्पल राहत नाही. बोटांची पकड गेलेली असते, दोन पावलांवर चप्पल मागे सुटते आणि माणूस अडखळतो. मागून पट्टा असलेली सँडल घ्या.

उजवा हात, डावा हात

या विषयाबद्दल पेशंट सहसा स्वतःहून बोलत नाहीत, म्हणून मी जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे उजवा हात जेवायचा आणि डावा हात धुवायचा. ही वाटणी लहानपणापासून इतकी पक्की बसलेली असते की पक्षाघाताने एक हात गेला की फक्त ताकद जात नाही, ही सगळी व्यवस्थाच कोलमडते. उजवी बाजू गेलेल्या माणसाला डाव्या हाताने जेवावं लागतं. मोजपट्टीच्या दृष्टीने त्यात काही अडचण नाही, कुठल्याही हाताने जेवलात तरी दहा गुण. पण तो माणूस पंगतीत बसायचा बंद होतो. आधी लग्नाला जात नाही, मग घरातही सगळ्यांचं झाल्यावर जेवतो. उजवी बाजू गेलेल्यांपैकी अनेकांची बोलण्याची शक्तीही गेलेली असते, कारण बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं केंद्र डावीकडे असतं आणि डावा मेंदू शरीराची उजवी बाजू चालवतो. म्हणजे लाज वाटते हेही त्याला सांगता येत नाही. घरातल्यांना वाटतं, बाबांची भूक कमी झाली.

डावी बाजू गेली तर प्रश्न उलटा. शौचानंतर धुवायचं कोणत्या हाताने? उजव्या हाताने धुवायला मन तयार होत नाही, आणि काहींना त्या बाजूने हात पोचवताना तोल सांभाळता येत नाही. मग बायको किंवा मुलगा धुतो. ‘शौचालयाचा वापर’ या कामात गुण कमी पडतात ते पायांमुळे नाही, या एका अडचणीमुळे. नळाला जोडलेला जेट स्प्रे योग्य बाजूला बसवला की अनेकांचं हे काम एका आठवड्यात स्वतंत्र होतं. काही शे रुपयांची वस्तू, पण माणसाची लाज राखणारी. हाताच्या व्यायामांबद्दल तासभर बोलणारे आम्ही लोक या प्रश्नावर दोन मिनिटंही बोलत नाही, कारण विचारायला आम्हालाही अवघड वाटतं. तुम्ही विचारा.

जमिनीवरचं घर

मूळ मोजपट्टीत माणूस पलंगावरून खुर्चीत जातो. जमिनीवर बसणं आणि जमिनीवरून उठणं दहा कामांत कुठेच नाही. ज्या घरात पलंग एकच आहे आणि तो मुलगा-सुनेच्या खोलीत आहे, जिथे पंगत जमिनीवर, पूजा जमिनीवर, नमाज जमिनीवर आणि शौचालय भारतीय पद्धतीचं, तिथे ‘पलंग ते खुर्ची १५ पैकी १५’ याचा काय उपयोग?

उकिडवं बसायला घोटा पुरेसा वाकावा लागतो. पक्षाघातात पोटरीचे स्नायू ताठर होतात, पाऊल खाली ओढलं जातं, टाच टेकत नाही. त्यामुळे चालायला लागलेल्या माणसालाही उकिडवं बसता येत नाही, आणि बसला तर उठता येत नाही. रुग्णालयातलं शौचालय कमोडचं असतं, त्यामुळे ही अडचण तिथे दिसत नाही, घरी पहिल्याच सकाळी दिसते. कमोड खुर्ची आणि भिंतीला घट्ट बसवलेला आडवा दांडा, हे पेशंट घरी येण्याआधी तयार पाहिजे. शौचालय अंगणाच्या टोकाला असेल तर ४५ मीटर सपाट चालणं पुरत नाही. उंबरठा आहे, पायरी आहे, पावसाळ्यात शेवाळ आहे, रात्री अंधार आहे. मुंबईत चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला एक जिना चढून दहा गुण मिळतील, पण तो महिनोन् महिने खाली उतरणार नाही.

जमिनीवरून उठायचं तंत्र शिकवता येतं. आधी एका कुशीवर, मग गुडघ्यांवर, समोर एक मजबूत स्टूल, त्यावर चांगला हात टेकून चांगला पाय पुढे घ्यायचा आणि उठायचं. थेरपिस्टच्या देखरेखीखाली शिका, घरी एकट्याने पहिला प्रयोग नको. आणि पेशंटला उठवताना लुळा हात धरून ओढू नका. खांद्याचं दुखणं मागे लागतं आणि पुढचे महिने वाया जातात.

करू शकतो आणि करतो

बार्थेलचा एक नियम फार महत्त्वाचा आहे. पेशंट काय करू शकेल हे मोजायचं नाही, तो गेल्या एक-दोन दिवसांत प्रत्यक्ष काय करतो ते मोजायचं. नुसतं शेजारी उभं राहावं लागत असेल, तोंडी आठवण करावी लागत असेल, तरी ते पूर्ण स्वावलंबन धरायचं नाही.

हा नियम चांगलाच आहे, पण आपल्या घरांत तो एक वेगळीच गोष्ट मोजतो. आजोबा स्वतः जेवू शकतात. पण सांडतात, वेळ लागतो, आणि सून भरवते. आजोबा दाढी करू शकतात, पण मुलगा रविवारी करून देतो. मग गुण कमी येतात, आणि कमी गुणांचं कारण आजोबांच्या हातात नसून घरातल्यांच्या प्रेमात असतं. ‘आम्ही असताना त्यांनी कशाला त्रास घ्यायचा’ हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय तितकं दुसरं क्वचितच ऐकलं असेल.

कुणी म्हणेल, स्वावलंबन हे पाश्चात्त्यांचं वेड आहे, आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाची सेवा करतात. मला हे अर्धंच पटतं. एकत्र राहणं, मदत घेणं यात कमीपणा नाही, आणि शंभर गुण मिळवायला माणसाने एकटं राहावं असंही नाही. पण मेंदू पुन्हा शिकतो तो कामं करून, घास भरवून घेऊन नाही. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, नंतरही होत राहते पण संथ. नेमक्या त्या तीन महिन्यांत सेवेच्या नावाखाली हातातलं काम काढून घेतलं, तर आपण त्या माणसाचं नुकसान करतो. आणि सेवा करणारी व्यक्ती घरात बहुतेक वेळा एकच असते, तिची कंबर आणि तिची झोप कुठल्याही मोजपट्टीत येत नाही. गिळताना ठसका लागत असेल तर मात्र स्वतः जेवायचा आग्रह धरू नका, आधी गिळण्याची तपासणी करून घ्या.

बाईला पक्षाघात झाला की चित्र उलटं होतं. तिला कुणी फारसं भरवत नाही. ती लवकर उठते, भिंत धरून का होईना मोरीपर्यंत जाते, तिचे गुण चांगले येतात, आणि सगळे म्हणतात, आई बरी झाली. पुढचं वाक्य असतं, ‘आता चहा तरी करत जा.’ गॅस पेटवणं, गरम पातेलं एका हाताने उतरवणं, पोळ्या लाटणं हे दहा कामांत नाही. महोनी आणि बार्थेल यांनी मूळ लेखातच स्पष्ट केलं होतं, की १०० गुण म्हणजे पेशंट एकटा राहू शकेल असं नाही. त्याला स्वयंपाक किंवा घरकाम जमणार नाही असं होऊ शकतं. ही ओळ लोक विसरले, आकडा लक्षात राहिला.

घरकाम, खरेदी, फोन, पैशांचा व्यवहार, औषधं वेळेवर घेणं यांच्यासाठी लॉटन आणि ब्रोडी यांची १९६९ सालची वेगळी मोजपट्टी आहे. गंमत म्हणजे तिच्यात सुरुवातीला बायकांना आठ कामं विचारायचे आणि पुरुषांना पाचच. स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणं पुरुषांना विचारायचंच नाही! म्हणजे मोजपट्टीत घुसणारी संस्कृती फक्त काटे-चमच्यांची नसते. कोणाकडून कशाची अपेक्षा आहे, हेही त्यात येतं. आपल्याकडे पत्नी गेलेल्या सत्तरीच्या गृहस्थाला चहा करता येतो का, हा प्रश्न त्याच्या जिन्याइतकाच महत्त्वाचा आहे. तो कुणी विचारत नाही.

मग मोजपट्टीच बदलायची का?

हा प्रश्न फक्त आपला नाही. जपानी माणसाच्या आंघोळीत खोल टबाच्या कडेवरून पाय टाकून आत उतरणं येतं, तिथे आंघोळ हे बादली-तांब्याच्या आंघोळीपेक्षा वेगळंच कसब आहे. युरोपातही सगळं एकसारखं नाही. सहा युरोपीय देशांतल्या पक्षाघाताच्या पेशंटचे एफआयएमचे गुण एकत्र करून तपासले, तेव्हा २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की काही कामांचे गुण देशागणिक वेगळे वागतात आणि दुरुस्ती केल्याशिवाय ते सरळ एकत्र करता येत नाहीत. शेजारशेजारच्या देशांत ही गत, तर लातूर आणि बाल्टिमोरची काय कथा!

भारतात स्वतःची मोजपट्टी बनवण्याचं काम झालंय, पण ते स्मृतिभ्रंशासाठी. हरियाणातल्या बल्लभगड भागातल्या, बहुतांशी निरक्षर वृद्धांसाठी १९९० च्या दशकात ती तयार झाली. तिच्यात चेकबुकाचा प्रश्न नाही. सण लक्षात राहतात का, गावात वाट चुकते का, घरातल्या लग्नासारख्या मोठ्या विषयात आपलं मत देतात का, असे प्रश्न आहेत. मला ही दिशा फार आवडते. मत विचारलं जाणं हेसुद्धा रोजच्या जगण्याचा भाग आहे, हे तिच्यात ओळखलेलं आहे.

तरीही बार्थेल मोडीत काढा असं मी म्हणणार नाही. प्रत्येक रुग्णालयाने आपापल्या सोयीने शब्द बदलले तर एका ठिकाणचे ७० आणि दुसऱ्या ठिकाणचे ७० यांची तुलनाच होणार नाही, आणि उपचारांचा फायदा होतोय की नाही हे कळायला तुलना लागते. मोजपट्टीचं नीट भाषांतर करणं, ते उलट भाषांतर करून तपासणं, वेगवेगळ्या दोन थेरपिस्टचे गुण जुळतात का पाहणं, हे वेळखाऊ काम आहे. माझं म्हणणं साधं आहे. पहिलं पान बार्थेलचं, जसंच्या तसं. दुसरं पान तुमच्या घराचं.

हे दुसरं पान घरी सोडायच्या निदान चार-पाच दिवस आधी लिहा. पेशंटला बोलता येत असेल तर आधी त्यांना विचारा, नसेल तर खुणेने किंवा चित्रांनी. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत ते आजारापूर्वी काय काय करत होते ते क्रमाने लिहा. त्यातलं काय त्यांना परत हवंच आहे, त्याला खूण करा. मुलांना वाटतं बाबांना फिरायला जायचं असेल, आणि बाबांना हवं असतं देवापुढे स्वतः निरांजन लावणं. मोरी, शौचालय, उंबरठा, जिना यांचे मोबाइलवर फोटो काढा आणि थेरपिस्टला दाखवा. अंतर पावलांत मोजून सांगा. मग त्यांना विचारा: यातलं कोणतं काम आत्ता जमेल, कोणतं सरावाने, आणि कोणत्यासाठी वस्तू किंवा जागा बदलावी लागेल?

हेच पान महिन्याने आणि तीन महिन्यांनी पुन्हा भरा. प्रत्येक कामापुढे तीनच शब्द पुरेत: एकट्याने, मदतीने, नाही. ‘मदतीने’ लिहाल तिथे मदत खरंच लागते, की देण्याची सवय झालीय, हेही लिहा. तपासणीला येताना ते घेऊन या. मला त्यातून ‘८५’ या आकड्यापेक्षा जास्त कळतं.

आणि जमत असलेलं काम काही आठवड्यांत हळूहळू सुटत चाललं, तर ‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नका. पक्षाघातानंतर नैराश्य बरंच आढळतं आणि ते पहिल्यांदा असंच दिसतं, माणूस येत असलेली कामं करायचं सोडून देतो. लघवीचा जंतुसंसर्ग किंवा खांद्याचं दुखणंही कारण असू शकतं, तेव्हा डॉक्टरांना दाखवा. कालपर्यंत स्वतः कपडे घालणाऱ्याला आज अचानक जमेनासं झालं, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर मात्र पुढच्या तारखेची वाट बघू नका. तो नवा झटका असू शकतो, लगेच रुग्णालयात न्या.